वाचकांचे प्रश्न : लव्हेजचे उंच झाड आणि चमचाभर पाला

मागील अंकात बहुवर्षायू स्वयंपाकी वनस्पतींविषयी लिहिताना लव्हेजचा उल्लेख मी दोनच वाक्यांत केला होता : एकदा रुजले की ते वर्षानुवर्षे त्याच मुळांतून फुटत राहते, आणि त्याच्या पानांना सेलरीसारखा, पण तिच्याहून कितीतरी उग्र वास असतो. त्या दोन वाक्यांवर आलेली पत्रे वाचल्यावर आपण फारच थोडक्यात आटोपले, असे मला वाटले. म्हणून या वेळी सदराची सर्व जागा लव्हेजला दिली आहे. अनेकांचे प्रश्न सारखेच असल्याने ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : ‘लव्हेजचे बी’ असे छापलेली पुडी मला भेट मिळाली. बी अगदी बारीक आहे, चोळल्यावर ओव्याचा वास येतो आणि जिभेला चरचरते. लव्हेज म्हणजे ओवाच का?

उत्तर : नाही, आपल्या हातातली पुडी ओव्याचीच असावी. इंग्रजीत ओव्याच्या दाण्यांनाही काही ठिकाणी लव्हेज म्हणण्याची सवय आहे आणि त्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत. गाजर, कोथिंबीर, बडीशेप, पार्सली आणि सेलरी यांचेही कूळ हेच, छत्रीसारखा फुलोरा येणाऱ्या वनस्पतींचे. त्यापलीकडे दोघांचे साम्य फारसे नाही. ओवा हंगामी आहे, एका वर्षात त्याचे आयुष्य संपते, आणि त्याचा चरचरीत वास थायमॉल या द्रव्याचा असतो. लव्हेज, म्हणजे शास्त्रीय नावाने लेव्हिस्टिकम ऑफिसिनाले, बहुवर्षायू आहे. पूर्ण वाढल्यावर ते दोन मीटर किंवा त्याहूनही उंच होते, त्याचे दांडे जाड व पोकळ असतात, आणि त्याच्या वासात थॅलाइड नावाच्या द्रव्यांचा मोठा वाटा असतो. सेलरीचा वासही याच गटातल्या द्रव्यांमुळे येतो. बी नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येते. ओव्याचा दाणा सुमारे दोन मिलिमीटरचा, अंडाकृती आणि खरबरीत असतो, तर लव्हेजचे बी पाच ते सात मिलिमीटर लांब, चपटे, किंचित वाकलेले असून त्याच्या पाठीवर पंखासारख्या उभ्या कडा असतात.

नावाचा विषय निघालाच आहे, तर त्याची गंमतही सांगतो. या वनस्पतीला लॅटिनमध्ये ‘लिगुस्टिकम’ म्हणत, म्हणजे इटलीच्या वायव्येकडील लिगुरिया प्रांतातली. उच्चार झिजत त्याचे ‘लेव्हिस्टिकम’ झाले. पुढे निरनिराळ्या भाषांतल्या लोकांनी या अनोळखी शब्दात आपापल्या भाषेतला ओळखीचा शब्द ऐकला. इंग्रजीत त्याचा ‘लव्ह’ झाला, जर्मनमध्ये ‘लीबश्टोकेल’, पोलिशमध्ये ‘लुबचिक’, आणि या प्रत्येक नावात प्रेमाचा अर्थ शिरला. लव्हेजला प्रेमाचे औषध मानण्याची जुनी समजूत अशा शब्दांनीच पोसली गेली असावी, असे मला वाटते. झाडाच्या गुणांचा त्याच्याशी काही संबंध नाही. नावातला ‘ऑफिसिनाले’ हा भाग मात्र नेमका आहे. ‘ऑफिसिना’ म्हणजे मठांमध्ये औषधी साठवण्याची खोली, आणि त्या खोलीत ज्या वनस्पतींना जागा होती, त्यांच्या नावापुढे हा शब्द लागला.

प्रश्न : दोन वेळा बी पेरले, दोन्ही वेळा एकही रोप उगवले नाही. पाणी, माती, ऊन सगळे व्यवस्थित होते. काय चुकले असेल?

उत्तर : बहुधा आपले काहीच चुकलेले नाही, बी जुने असणार. लव्हेजच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर ओसरते. काढणीनंतर पहिल्या काही महिन्यांत ती चांगली असते, वर्ष उलटले की झपाट्याने घटते, आणि तीन वर्षांच्या बियांकडून फारशी आशा ठेवू नये. मी स्वतः पहिल्यांदा पेरले तेव्हा कोणी तरी प्रेमाने जपून ठेवलेले चार वर्षांचे बी वापरले होते आणि सहा आठवडे रोज सकाळी रिकाम्या कुंडीकडे पाहत होतो. त्यानंतर मी काढणीची तारीख विचारल्याशिवाय या कुळातले कोणतेही बी घेत नाही, आणि आपणही घेऊ नये, अशी माझी विनंती आहे.

ताजे बी मिळाले की पुढचे काम सोपे आहे. भुसभुशीत, ओलसर मिश्रणात बी साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाकावे, वरची माती हलकेच दाबावी आणि ती सुकू देऊ नये. पंधरा ते वीस अंश सेल्सिअस तापमानात दोन ते तीन आठवड्यांत कोंब दिसतात. कडक उन्हाळ्यात पेरलेले बी रुसते, म्हणून थंड प्रदेशात वसंताच्या सुरुवातीला किंवा झाडावर बी पिकल्याबरोबर शरदात, आणि उष्ण प्रदेशात हवा गार होऊ लागल्यावर पेरणी करावी. रोपाला चार-पाच खरी पाने आली की त्याला कायमच्या जागी न्यावे. याला उशीर करू नये. या झाडाचे मुख्य मूळ लवकर खोल जाते आणि तुटले तर रोप बराच काळ खोळंबते.

प्रश्न : जागा किती लागेल? कुंडीत चालेल का?

उत्तर : दोन झाडांमध्ये किमान साठ सेंटिमीटर, शक्य असल्यास नव्वद सेंटिमीटर अंतर ठेवावे. खरे तर एका कुटुंबाला एकच झाड पुरते. पहिल्या वर्षी रोप गुडघ्याएवढे राहते आणि आपल्याला वाटते की एवढी जागा उगाच सोडली. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तेच झाड माणसाहून उंच होऊन शेजारच्या वाफ्यावर सावली धरते. म्हणून ते वाफ्याच्या मागच्या कडेला, इतर झाडांचे ऊन अडणार नाही अशा बाजूला लावावे.

कुंडीत ते जगते, पण कुंडी निदान चाळीस ते पन्नास सेंटिमीटर खोल असावी. तिथे झाडाची उंची कमी राहील, पाणी वारंवार द्यावे लागेल आणि दर दोन वर्षांनी गड्डा काढून विभागावा लागेल. माती मात्र कुंडीत असो वा जमिनीत, सारखीच हवी : खोल, भरपूर कुजलेले खत मिसळलेली, ओल धरणारी आणि तरीही पाणी साचू न देणारी. पाणी तुंबले तर मूळ सडते. माती कोरडी पडली तर पाने कडू आणि राठ होतात. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घातले की दोन्ही बाजू बऱ्याच सांभाळल्या जातात. आच्छादन बुंध्याला चिकटू मात्र देऊ नये.

प्रश्न : आमच्याकडे कडाक्याची थंडी पडत नाही. पहिल्या वर्षी झाड छान वाढले, दुसऱ्या उन्हाळ्यात पिवळे पडून गेले. लव्हेज उष्ण हवेत टिकतच नाही का?

उत्तर : या प्रश्नाचे गोड उत्तर देता आले असते तर मला आवडले असते. लव्हेज थंडीचा विसावा घेणारे झाड आहे. शरदाच्या अखेरीस त्याची जमिनीवरची सगळी वाढ वाळून जाते, हिवाळाभर मूळ मातीखाली निजलेले असते आणि हवा ऊबदार होऊ लागली की त्याच मुळातून तांबूस छटेचे, घट्ट मिटलेले कोंब वर येतात. बर्फाखाली गोठलेल्या जमिनीतही हे मूळ सहज तग धरते. जिथे हिवाळा असा येतच नाही, तिथे झाडाला विश्रांती मिळत नाही, ते वर्षभर थोडे थोडे वाढत राहते, मुळात साठा होत नाही, आणि त्यातच दमट उन्हाळा आला की मूळ सडणे आणि पाने पिवळी पडणे सुरू होते. आपल्या झाडाचे बहुधा हेच झाले.

तरी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे त्याला हंगामी पीक समजणे : हवा गार होताच पेरावे, थंडीचे महिने पाने खुडावीत, आणि उष्मा वाढू लागला की झाडाचा मोह सोडावा. हंगामाच्या शेवटी सगळी पाने काढून गोठवली तर वर्षाची बेगमी होते. दुसरा मार्ग समुद्रसपाटीपासून उंचावर राहणाऱ्यांसाठी आहे, कारण तिथल्या गार रात्री या झाडाला मानवतात. अशा ठिकाणी दुपारनंतर सावली येईल अशी जागा निवडून आणि माती सतत गार-ओली ठेवून ते काही वर्षे टिकवता येते. वरचेवर खत घालून किंवा औषध फवारून थंडीची उणीव भरून निघत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

प्रश्न : फुले येऊ द्यावीत की कापावीत? आणि पानांवर फिकट, वेड्यावाकड्या रेषा उमटल्या आहेत, त्या कशाच्या?

उत्तर : पाने हवी असतील तर फुलोऱ्याचा दांडा दिसताच बुडाशी कापावा, झाडाची शक्ती पुन्हा पानांकडे वळते. उन्हाळ्याच्या मध्यावर झाड एकदा जमिनीपासून वीत-दीड वीत ठेवून पूर्ण छाटले आणि भरपूर पाणी दिले, तर तीन-चार आठवड्यांत पुन्हा कोवळा पाला येतो. पण जागा असेल तर निदान एक दांडा फुलू द्यावा, असे मी आवर्जून सांगेन. त्या हिरवट पिवळ्या छत्र्यांवर फुलमाश्या आणि इवल्या परजीवी गांधीलमाश्या मोठ्या संख्येने येतात. फुलमाश्यांच्या अळ्या मावा खातात, तर त्या गांधीलमाश्या मावा आणि सुरवंट यांच्या अंगात अंडी घालतात. बाकीच्या बागेची राखण होते आणि पुढच्या पेरणीसाठी ताजे बीही हाताशी येते.

पानांवरच्या रेषा पाने पोखरणाऱ्या अळीच्या आहेत. एक लहान माशी पानावर अंडी घालते आणि अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधला गर खात पुढे सरकते. तीच वाट बाहेरून रेषेसारखी किंवा डागासारखी दिसते. बाधित पाने तोडून नष्ट करावीत. अळी पानाच्या आत असल्याने वरून फवारलेले बहुतेक औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, शिवाय ती पाने आपल्याला खायची आहेत. मोठे झाड एवढे नुकसान सहज सोसते.

प्रश्न : कोथिंबिरीसारखी मूठभर पाने सूपमध्ये घातली आणि सूप इतके उग्र झाले की टाकून द्यावे लागले. मग हे झाड लोक खातात तरी कसे?

उत्तर : लव्हेजविषयी सर्वांत अधिक तक्रारी अशाच येतात आणि त्या सगळ्या प्रमाणाच्या आहेत. चार माणसांच्या सूपसाठी बारीक चिरलेला एक चमचा पाला पुष्कळ होतो. पहिल्यांदा वापरताना दोनच पाने घालावीत आणि चव पाहावी. कोथिंबीर आपण शेवटी भुरभुरतो, कारण तिचा वास उष्णतेने उडून जातो. लव्हेजचा वास मात्र शिजताना टिकतो आणि सगळ्या पदार्थात पसरतो, म्हणून ती जवळजवळ मसाल्यासारखी वापरावी लागते. कोवळी पाने सर्वांत चांगली. फुले आल्यानंतरची पाने राठ आणि कडवट होतात.

बटाटा, अंडी, शेंगा व कडधान्ये, मासे, कोंबडीचे सूप, टोमॅटो यांच्याशी तिचे जमते. मऊ लोण्यात बारीक चिरलेली पाने आणि मीठ मिसळून ते उकडलेल्या बटाट्यावर घालावे. लव्हेजची पहिली ओळख करून घ्यायला याहून सोपा पदार्थ मला माहीत नाही. पोकळ दांडे रस्सा उकळताना घालून नंतर काढून टाकता येतात, किंवा कोवळे असताना साखरेच्या पाकात मुरवता येतात. बी कुटून पावात, चीजमध्ये आणि लोणच्यात घालतात. मूळही खाल्ले जाते, मात्र त्याची साल कडू असल्याने ती आधी काढावी.

हा वापर फार जुना आहे. आपिकियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाककृतींच्या संग्रहात लिगुस्टिकम इतक्या वेळा येते की मिरीच्या जोडीला ते जवळजवळ ठरलेलेच असावे, असे वाटते. इसवी सन 800च्या सुमारास सम्राट शार्लमेनच्या जहागिरींसाठी निघालेल्या आज्ञेत बागांमध्ये लावायच्या वनस्पतींची जी यादी आहे, तीतही लव्हेज आहे. आज रोमानियात आंबट सूप तिच्याशिवाय अपुरे मानले जाते. जर्मनीत तर तिला ‘मॅगीचा पाला’ म्हणतात. 1886 साली स्वित्झर्लंडमध्ये युलिउस मॅगी यांनी आणलेल्या द्रवरूप मसाल्यासारखा तिचा वास येतो म्हणून हे नाव पडले, पण त्या मसाल्यात लव्हेज नसते. दोन्हींच्या वासात सोटोलोन हे द्रव्य आहे, एवढेच. मेथीदाण्याचा ओळखीचा वास त्याच द्रव्याचा, त्यामुळे लव्हेज प्रथमच हुंगणाऱ्याला सेलरीच्या मागे मेथीचा भास झाला, तर त्याचे नाक बरोबर आहे.

प्रश्न : पाने वाळवावीत की गोठवावीत?

उत्तर : गोठवावीत. चिरलेली पाने थोड्या पाण्यात बर्फाच्या साच्यात भरली की एकेक तुकडा वापरता येतो आणि वासही जास्त टिकतो. वाळवायचीच असतील तर सावलीत, हवेशीर जागी आणि चाळीस अंशांपेक्षा कमी उष्णतेत वाळवावीत, पूर्ण कोरडी झाल्यावर हवाबंद डब्यात ठेवावीत. वाळलेले मूळ तर अधिकच जपावे लागते, कारण त्याला कीड फार लवकर लागते.

प्रश्न : लव्हेजच्या मुळाचा काढा मुतखड्यावर चालतो, असे ऐकले. माझ्या वडिलांना खडा आहे आणि ते हृदयविकाराची औषधेही घेतात. काढा द्यावा का?

उत्तर : कृपया देऊ नये. हे आधी स्पष्ट सांगून मग कारण सांगतो.

लव्हेजच्या मुळाला औषध म्हणून मान्यता नाही, असे नाही. जर्मनीतील वनस्पतिजन्य औषधांची छाननी करणाऱ्या ‘कमिशन ई’ने मूत्रमार्गाच्या सौम्य दाहात आणि लघवीतून बारीक खर जाण्याच्या तक्रारीत, ती पुन्हा होऊ नये म्हणून, भरपूर पाण्यासोबत या मुळाचा वापर मान्य केला होता. यामागची कल्पना साधी आहे : लघवीचे प्रमाण वाढवून मूत्रमार्ग धुऊन काढणे. तयार झालेला खडा हे मूळ विरघळवते, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय त्या मान्यतेसोबतच मनाईही सांगितली आहे. मूत्रपिंडाला तीव्र सूज असताना किंवा त्याचे काम मंदावलेले असताना मूळ घेऊ नये. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे झाल्यामुळे अंगावर सूज असेल तर भरपूर पाणी पिऊन मूत्रमार्ग धुण्याचा हा उपचारच करू नये. कारण वाढवलेले पाणी बाहेर टाकण्याची ताकद अशा शरीरात नसते. आपल्या वडिलांच्या हृदयविकाराचे स्वरूप मला माहीत नाही, खडा किती मोठा आणि कुठे आहे हेही माहीत नाही, आणि त्यांची औषधे लघवी वाढवणारी किंवा रक्त पातळ करणारी असतील, तर त्यात आणखी एका द्रव्याची भर घालण्याचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यायला हवा. असह्य वेदना, ताप, लघवीत रक्त किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही झाले, तर घरगुती उपायांत एक तासही घालवू नये.

गर्भवती स्त्रियांनीही मूळ किंवा बी औषध म्हणून घेऊ नये. ज्यांना सेलरीची ॲलर्जी आहे, त्यांनी पानेसुद्धा टाळावीत, कारण एकाच कुळातल्या वनस्पतींची ॲलर्जी अनेकदा एकमेकींना लागू होते. या झाडात फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. त्याचा रस कातडीला लागून वर ऊन पडले, तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. भर उन्हात मोठी छाटणी करू नये, आणि करावीच लागली तर हातमोजे व लांब बाह्या घालाव्यात. स्वयंपाकातला चमचाभर पाला निरोगी माणसाला काळजीचा नाही. औषध आणि स्वयंपाक यांच्यातला हा फरक पत्र लिहिणाऱ्या अनेकांच्या लक्षात आलेला नाही, म्हणून इतके विस्ताराने लिहिले.

प्रश्न : डोंगरात फिरताना ओढ्याकाठी अगदी लव्हेजसारखे झाड दिसले. तिथून रोप आणू का?

उत्तर : आणू नका आणि चाखूनही पाहू नका. याच कुळात माणसाचा जीव घेणारी झाडे आहेत : हेमलॉक, पाणहेमलॉक आणि ओलसर जागी वाढणारे पाणड्रॉपवर्ट. यांतील शेवटच्याची पाने सेलरीसारखी दिसतात आणि अनेकांची फसगत होते. लव्हेजची फुले हिरवट पिवळी असतात, तर या तिन्हींची पांढरी. हेमलॉकच्या गुळगुळीत दांड्यावर जांभळे ठिपके असतात आणि त्याला उंदरांसारखा कुबट वास येतो. मात्र फुले नसलेल्या झाडाची पाने पाहून निवाडा करू नये. अनुभवी माणसेही तिथे चुकली आहेत.

प्रश्न : आमचे झाड आठ वर्षांचे आहे. मधला भाग पोकळ झाला असून कोंब फक्त कडेने फुटतात. ते काढून टाकावे का?

उत्तर : काढून टाकू नये, विभागावे. वसंताच्या सुरुवातीला, कोंब बोटभर असतानाच, गड्ड्याभोवती खोल खणून तो सबंध उचलावा. जुने मूळ जाड आणि चिवट असते. ते धारदार फावड्याने किंवा सुरीने कापावे लागते. कडेचे तुकडे असे घ्यावेत की प्रत्येकाला निदान एक ठसठशीत कोंब आणि बोटाएवढे निरोगी मूळ असेल. मधला कुजका, लाकडासारखा भाग टाकून द्यावा. तुकडे त्याच दिवशी, आधीइतक्याच खोलीवर लावून भरपूर पाणी घालावे. जागा बदलता आली तर बरे. त्या वर्षी पाने हात राखून खुडावीत आणि फुलोऱ्याचा दांडा दिसताच कापून टाकावा, म्हणजे नवे मूळ धरायला झाडाला अवधी मिळेल. यापुढे दर तीन-चार वर्षांनी हे काम केले, तर मधला भाग पुन्हा पोकळ होण्याची वेळ येणार नाही.